शाळेचा फिश टँक : आधी वनस्पती, मग मासे

शाळेच्या व्हरांड्यात वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या काचटाक्या पुन्हा सुरू करण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांची टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे, म्हणून खालची सगळी मापं त्याच टाकीची धरावीत. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की २०० लिटर उरतं. औषध असो की मासे, हिशेब या २०० लिटरचा करायचा.

टाकीचा एक जोड झिरपत होता. बाहेरून सिलिकॉन भरलं, तरी थेंब येतातच. रोपं आणून ठेवली आहेत. लावायला घ्यावीत का?
— कलाशिक्षक, सातारा

अजून नको. रोपं बादलीत आठवडाभर आरामात राहतील. बाहेरून लावलेलं सिलिकॉन टिकत नाही, कारण पाण्याचा दाब त्याला आतून बाहेर ढकलत असतो. आतला जोड धरावा लागतो. झिरपणाऱ्या कडेचं आतलं जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण लांबीभर खरवडून काढा, काच ॲसिटोनने पुसा आणि मगच नवा थर द्या. नवं सिलिकॉन जुन्यावर नीट चिकटत नाही, त्यामुळे जिथं थेंब दिसतो तेवढाच तुकडा भरून भागत नाही. बाथरूमसाठी विकल्या जाणाऱ्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा बुरशीनाशक असतं. ती नको, ॲक्वेरियमसाठीची मागा. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान तीन दिवस, पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. मग खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून पहिल्या दिवशी पाव, दुसऱ्या दिवशी अर्धी आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण टाकी भरून पाहा.

भरलेल्या टाकीचं वजन ३०० किलोच्या वर जातं. वर्गातल्या बाकावर ती ठेवायची नाही. लोखंडी स्टँड, त्यावर प्लायवूड, त्यावर १२ मिलिमीटरचा थर्माकोल आणि मग टाकी. स्टँड चारही कोपऱ्यांत समपातळीत आहे ना, हे भरण्याआधी बघा. नंतर काही करता येत नाही.

तळाला शेतातली काळी माती घातली तर वनस्पती जोमाने वाढतील ना? की बांधकामाची वाळू पुरेल?
— मुख्याध्यापिका, परभणी जिल्हा

काळी माती पाण्यात फुगते आणि तिचे कण इतके बारीक असतात की एक रोप उपटलं तरी टाकी दोन दिवस गढूळ राहते. शेणखत किंवा गांडूळखत त्याहून वाईट, कारण त्यातून आठवडेच्या आठवडे अमोनिया सुटत राहतो. घरी, एका माणसाच्या हातात असलेल्या टाकीत खाली माती आणि वर वाळू ही पद्धत छान चालते. शाळेत मात्र दर पंधरा दिवसांनी कुणीतरी रोपं हलवणारच, आणि एकदा वरचा थर फाटला की खालची माती वर येते.

नदीची २ ते ३ मिलिमीटरची गोल रेती घ्या. ४५ ते ५० किलो लागेल. मागच्या काचेपाशी ७ सेंटिमीटर आणि पुढे ४ सेंटिमीटर जाडी ठेवा. खडी मशीनची क्रश सँड टाळा. तिच्या कडा धारदार असतात आणि भुकटी संपता संपत नाही. आणलेल्या रेतीवर प्रयोगशाळेतल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फेस आला तर त्यात चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा आहे, ती पाणी आणखी जड करणार. शोभेचे पांढरे संगमरवरी खडेही याच कारणासाठी नकोत. बादलीतलं पाणी स्वच्छ निघेपर्यंत रेती धुवा; एवढ्या रेतीला अर्धा दिवस जातो, तेव्हा हे काम शनिवारी ठेवा. खत म्हणून मुळांशी पुरायच्या गोळ्या मिळतात. दर १५ सेंटिमीटरवर एक, दर तीन महिन्यांनी.

कोणत्या वनस्पती आणि किती? कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्यायचा का?
— विज्ञान शिक्षक, चिपळूण

सिलिंडर नको. शाळेला झेपतील अशाच वनस्पती निवडा आणि पहिल्या दिवसापासून भरपूर लावा. ‘चार रोपं लावू, वाढतील हळूहळू’ म्हणणाऱ्यांच्या टाकीत शेवाळं आधी वाढतं.

मागच्या बाजूला व्हॅलिसनेरियाची २० रोपं. त्याची पानं फितीसारखी लांब होतात आणि ते आपोआप धावत्या खोडांनी पसरतं. रोवताना पांढरा बुडखा रेतीच्या वर दिसला पाहिजे. तो पुरला की कुजतो. मध्यभागी क्रिप्टोकोरिनची १० रोपं. लाकडाला किंवा दगडाला सुती दोऱ्याने बांधून ॲन्युबियस चार आणि जावा फर्न चार. या दोघांचं आडवं खोड रेतीत गाडायचं नाही, फक्त मुळं खाली जाऊ द्यायची. पुढच्या कोपऱ्यांत जलब्राह्मीच्या २०-२५ काड्या. रोपवाटिकेत ‘ब्राह्मी’ मागितली तर बऱ्याचदा गोल पानांची मंडूकपर्णी हातात येते. ती पाण्याखाली टिकत नाही. जलब्राह्मीची पानं छोटी, जाडसर आणि समोरासमोर असतात. पाण्यावर तरंगता हॉर्नवर्टचा एक मोठा जुडगा सोडा. सुरुवातीचे दोन महिने अमोनिया शोषण्यात त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. ओढ्यातलं हायड्रिला फुकट मिळतं आणि वाढतंही झपाट्याने, पण त्याबरोबर गोगलगायी आणि चतुराची अळी येते. ही अळी लहान मासे पकडून खाते.

म्हणून कुठूनही आणलेली वनस्पती आधी १० लिटरच्या बादलीत पोटॅशियम परमँगनेटचे दोन-चारच कण विरघळवून गुलाबी पाण्यात दहा मिनिटं ठेवा, धुवा, मग आठवडाभर साध्या पाण्यात. पाणी दिवसाआड बदला. रोपवाटिकेत मारलेलं कीटकनाशक याच आठवड्यात निघून जातं.

प्रकाशाला महागडं काही लागत नाही. साध्या ४ फुटी २० वॅटच्या, ६५०० केल्विन लिहिलेल्या दोन एलईडी ट्यूब पुरतात. टायमर लावून रोज ७ तास. शिपाई आठवणीने बंद करेल, या भरवशावर राहू नका. खिडकीतलं थेट ऊन टाकीवर येत असेल तर टाकी हलवा, पडद्याने भागत नाही.

१ ऑगस्टला टाकी भरणार, १५ ऑगस्टला पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन. मासे कधी आणू?
— पर्यवेक्षक, नाशिक

१५ ऑगस्टला पाहुण्यांना वनस्पती दाखवा. मासे सप्टेंबरच्या मध्यावर.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकलेले मासे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मरतात, आणि शाळा समजते की दुकानदाराने आजारी मासे दिले. पाण्याचा पीएच ७ वरून ८ झाला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे मासे लवकर मरतात ते यामुळे.

मासे न टाकता जिवाणू वाढवायचे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अमोनियम क्लोराइड असतं. बाजारात तोच नवसागर म्हणून मिळतो, पण कल्हईचा नवसागर शुद्ध नसतो, म्हणून प्रयोगशाळेतलाच घ्या. २०० लिटरला सव्वा ग्रॅम टाकलं की अमोनिया लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम होतो. फिल्टर चोवीस तास चालू. दिवसाआड मोजणी करा. अमोनिया अर्ध्याच्या खाली आला की पुन्हा सव्वा ग्रॅम. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट चढू लागेल. ते किटच्या रंगपट्टीच्या टोकाला गेलं तर नवसागर थांबवून निम्मं पाणी बदला, कारण अति नायट्राइटने प्रक्रिया अडखळते. संध्याकाळी सव्वा ग्रॅम टाकून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि असं लागोपाठ दोनदा झालं, की टाकी तयार. मग साठवलेलं नायट्रेट काढायला ६० टक्के पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी मासे आणा. कागदी पट्ट्यांत बऱ्याचदा अमोनियाची चाचणीच नसते, द्रव किट घ्या. आठवीच्या वर्गाला आलेखवहीवर अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेटच्या तीन रेषा काढू द्या: उद्घाटनाच्या भाषणापेक्षा त्या बघण्यासारख्या असतात.

लवकर हवं असेल तर ज्या टाकीत महिनोन्‌महिने रोग नाही अशा टाकीतला चालू स्पंज ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवा. आठ-दहा दिवसांत काम होऊ शकतं, पण वरची चाचणी तरीही करायचीच. जिवाणूंच्या बाटल्यांवर विसंबू नका. त्यातल्या काहींत जिवंत असं फारसं काही उरलेलं नसतं.

बोअरचं पाणी आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर ७५० दाखवतं. दुकानदार निऑन टेट्रा आणि डिस्कस घ्या म्हणतो. कधी ग्रामपंचायतीचं पाणीही वापरतो.
— शिक्षिका, सोलापूर जिल्हा

डिस्कस विसरा, निऑनही. दोघंही ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले. लिंबू, व्हिनेगर किंवा ‘पीएच डाउन’ घालून तुमचं पाणी बदलणार नाही. त्यातले बायकार्बोनेट पीएच पुन्हा वर आणतात आणि रोजच्या चढउताराने मासे थकतात. पाणी आहे तसं ठेवा, त्याला मानवणारे मासे निवडा. आरओ यंत्राच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी मात्र कधी भरू नका, ते बोअरपेक्षाही जड असतं.

पहिल्या खेपेला १२ झेब्रा डॅनियो. दोन आठवडे थांबा, अमोनिया शून्यच राहतोय हे बघा. मग ८ रोझी बार्ब. हे दोन्ही भारतीय उपखंडातलेच मासे, चिवट आणि दिवसभर हालचाल करणारे, म्हणजे मुलांना बघायला काहीतरी मिळतं. (रोझी बार्ब कोवळी पानं कुरतडतात, जलब्राह्मीचे शेंडे गेले तर नवल मानू नका. केसाळ शेवाळंही तेच खातात.) आणखी दोन आठवड्यांनी ६ प्लॅटी, सगळे नर. शेवटी पर्ल गुरामी, एक नर आणि दोन माद्या. एकूण २९, आणि तिथंच थांबायचं. कोकणात किंवा कोल्हापूरच्या पश्चिमेला पाणी मऊ असेल तर प्लॅटीऐवजी ८ हार्लेक्विन रासबोरा आणि तळाला ६ ब्राँझ कॉरिडोरास घ्या.

गोल्डफिश या टाकीत नकोत: घाण जास्त करतात आणि झाडं उपटतात. दुकानात चार इंची मिळणारा ‘शार्क’ म्हणजे पंगासच्या जातीचा मासा, तो मीटरभर वाढतो. काचमाशाच्या अंगावर झळकणारे निळे-गुलाबी पट्टे सुईने टोचलेल्या रंगाचे असतात, ते विकत घेऊ नका. ‘मिस केरळा’ म्हणून विकला जाणारा डेनिसनी बार्ब दिसायला देखणा, पण तो केरळ आणि लगतच्या कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांतच आहे आणि धोक्यात आलेल्या प्रजातींत मोडतो. शिवाय त्याला थंड, वाहतं पाणी लागतं. सोलापुरात ते आणायचं कुठून?

ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते. गावात ओटी चाचणीची बाटली असतेच; थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. ड्रममध्ये एअर पंप लावून २४ तास ठेवा आणि पुन्हा ओटी करा. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, १०० लिटरला १ ग्रॅम. टीसीएल नुकतीच टाकली असेल त्या दिवशी एवढंही पुरेलच असं नाही, तेव्हा ओटी करूनच पाणी ओता.

आरोग्य केंद्रातून गप्पी मासे फुकट मिळतात. तेच टाकू का?
— शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, जालना जिल्हा

टाकता येतील, पण मग ती गप्पींची टाकी होईल. एक मादी साधारण महिन्याला २०-४० पिल्लं देते आणि नराचं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी मादी आणली तरी पिल्लं होतात. फक्त नर निवडा: लहान, सडपातळ, अंगावर रंगाचे ठिपके. उघड्या हौदातून आलेल्या माशांवर परजीवी असू शकतात, म्हणून ३० लिटरच्या टबात दोन आठवडे वेगळे ठेवा. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर त्याच टबात लिटरला २ ग्रॅम खडेमीठ आणि ३० अंश तापमान, दहा दिवस. मुख्य टाकीत मीठ नको, वनस्पती जातील. हा टब दुकानातून आणलेल्या प्रत्येक माशासाठी वापरावा. शाळांमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते.

आमचा सकर फूटभर झाला. नदीत सोडला तर चालेल?
— इयत्ता ९ वी, पुणे

नाही. विहिरीत, तलावात, विसर्जन हौदातही नाही. दक्षिण अमेरिकेतला हा मासा भारतातल्या अनेक पाण्यांत पसरला आहे. त्याचे काटे जाळी फाडतात आणि तो काठ पोखरून बिळं करतो. १९५२ साली भारतात आणलेल्या चिलापीचं (तिलापिया माशाचं) काय झालं हे उजनीच्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा. सकर दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या संस्थेला.

दोन आठवड्यांत क्रिप्टोकोरिनची सगळी पानं विरघळली आणि व्हॅलिसनेरिया पिवळं पडलं. काचेवर तपकिरी थर आहे. ‘लिक्विड कार्बन’ घालू का?
— प्रयोगशाळा सहायक, मडगाव

क्रिप्टोकोरिन जागा बदलली की पानं टाकतं. मूळ घट्ट असेल तर उपटू नका. तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतील. सडकी पानं तेवढी कापून काढा. तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा, नव्या टाकीत तो येतोच आणि दीड-दोन महिन्यांत जातो. तोवर जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. लिक्विड कार्बन म्हणजे बहुतेक वेळा ग्लुटाराल्डिहाइड. त्याने व्हॅलिसनेरिया आणखी विरघळेल, आणि डोळे-कातडी जाळणारं रसायन मुलांच्या हाताशी ठेवू नये. व्हॅलिसनेरियाच्या मुळाशी खताची गोळी घातली आहे का, ते आधी पाहा.

काल संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं, सकाळी सगळे मासे मेलेले. पाण्याच्या चाचण्या बरोबर आहेत.
— मुख्याध्यापक, ठाणे

अमोनिया शून्य असताना एका रात्रीत सगळेच मेले तर विषबाधेचा संशय घ्या. पावसाळ्यात डासांसाठी धुरळणी होते, किंवा पालकसभेआधी कुणी हॉलमध्ये डासांचा स्प्रे मारतं. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं माशांना फार थोड्या मात्रेत मारतात, आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून ती थेट पाण्यात सोडतो. धुरळणीच्या वेळी पंप बंद करा, टाकीवर ओलं जाड कापड टाका, तासाभराने खिडक्या उघडून पंप सुरू करा. भिंतींना ऑइलपेंट देताना हेच. आता टाकीतलं ८० टक्के पाणी दोनदा बदला, फिल्टरमध्ये आठवडाभर सक्रिय कार्बन ठेवा आणि आधी दोनच मासे सोडून बघा.

मुलांनी टाकीत हात घालावा का?
— पालक, नागपूर

शिक्षकासमोर, प्लग काढून. हात आधी नुसत्या पाण्याने धुवायचे, सॅनिटायझर अजिबात नाही; नंतर साबणाने. हाताला जखम असेल तर त्या दिवशी नाही, कारण टाकीतल्या काही जिवाणूंनी जखम चिघळते. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवी, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली एक झोल घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता खाली पडतो. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत उलटझडप बसवा.

दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काय करायचं? आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश होतं आणि वीज जाते.
— शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा

खाद्याची काळजी सगळे करतात, पण सुट्टीत मासे जास्त खाद्यानेच मरतात. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. वर सांगितलेल्या २९ माशांना एरवीही दिवसाला बारीक दाण्याचं खाद्य चहाचा सपाट पाव चमचा पुरतं. दिवाळीसाठी तेवढ्याच पुड्या बांधा, प्रत्येकीवर तारीख लिहा, तीन दिवसांनी एक, आणि डबा कुलपात. नुसता डबा कुणाच्या हाती देऊ नका. सुट्टीत विरघळणारे पांढरे ठोकळे पाणी खराब करतात.

उन्हाळ्याचं खरं दुखणं प्राणवायूचं. २५ अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशाला ७ च्या आसपास. आणि गरम पाण्यात माशाला तो जास्त लागतो. टाकीचं झाकण काढून जाळी लावा आणि लहान पंख्याचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा सोडा. विदर्भाच्या कोरड्या हवेत ३-४ अंश सहज उतरतात. मुंबई-गोव्याच्या दमटात इतके नाही. बर्फ टाकू नका. दिव्यांचा वेळ ५ तासांवर आणा. बाहेरचा डबा फिल्टर वीज गेल्यावर काही तासांत आतून कुजतो आणि वीज आली की ती घाण टाकीत ओततो, म्हणून अशा गावांत हवेवर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर बरे. त्यांना वीज गेल्यावर आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप जोडा. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही, आणि दोन्ही एकाच दिवशी नाही.

उडालेलं पाणी बोअरने भरत राहिलं की क्षार साचतात, टीडीएस महिनाभरात बराच वर जातो. भर आरओच्या शुद्ध पाण्याची घाला. एरवी दर आठवड्याला ४० ते ५० लिटर बदलायचं असतं. सुट्टीत ते राहून गेलं असेल तर शाळा उघडल्यावर एकदम निम्मी टाकी उपसू नका. आधी टीडीएस मोजा आणि आठवडाभर रोज २० लिटर बदला.